तीन लाल ठिपके आणि एक ‘होय’

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं
(तुम्ही दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. बॉक्सप्रमाणे नऊ वाजून आठ.)

तीर्थस्वरूप दादा यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही, खरोखर वाकून केलेला आहे, कारण टेबलावर सध्या बॉक्सचं माहितीपुस्तक, रिमोट, दुसरा रिमोट आणि माझी यादी पसरलेली असल्यामुळे हे पत्र मी जमिनीवर बसून स्टुलावर लिहितो आहे.) डोळ्यावरची पट्टी निघाली हे वाचून फार आनंद झाला. आमची ही, म्हणजे तुमची धाकटी बहीण, तुमचं पत्र हातात घेऊन दोन वेळा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दोन्ही वेळा तशीच आत गेली. फार आनंद झाला की तिचं असंच होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. थेंब वेळच्या वेळी घालता ना, हे विचारणार होतो, पण छत्तीस वर्षं टॉवरचं घड्याळ ज्याने सांभाळलं त्याला वेळेबद्दल विचारणं म्हणजे फारच झालं. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली आणि टीव्हीला मात्र येत्या रविवारपर्यंत मनाई केली, हेही उत्तम केलं. डॉक्टरांचं ऐकावं. रविवारनंतर आणखी थोडे दिवस म्हणाले तर तेही ऐकावं. (हे मी आपलं सहज लिहितो आहे.)

खरं तर हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण टॉवरच्या घंटेशेजारी इतकी वर्षं काढल्यावर तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत. मागे मी “बॉक्स आणला” म्हणालो ते तुम्ही “बोका आणला” असं ऐकलंत, आणि तो रात्री कुठे झोपतो, घराबाहेर जातो का, अशी पंधरा मिनिटं चौकशी केलीत. मीही नीट उत्तरं दिली, कारण मला वाटलं तुम्ही गमतीने विचारताय. तेव्हा आधी खुलासा करतो की आमच्याकडे बोका नाही. बॉक्स आहे. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, आणि तोही साधासुधा नाही, तर कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा. आणि एक नाही, दोन नाही, एका वेळी तीन.

दादा, काय यंत्र आहे म्हणून सांगू. तुम्हाला माझा धंदा ठाऊक आहे. एकेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आणि एकेचाळीस वर्षांत मी एका वेळी एकच फोटो काढला, त्यातही कुणाचे तरी डोळे मिटलेले. आणि हा पोळपाटाएवढा काळा डबा, ना हात ना पाय, टीव्हीखाली चूपचाप बसून एकाच वेळी तीन चॅनेल टिपतो, आणि वर आपण चौथंच काहीतरी जुनं रेकॉर्ड केलेलं बघत बसलो तरी त्याचं चित्त ढळत नाही. बॉक्स बसवायला आलेला माणूस बोलायला फार काटकसरी होता. तारा जोडल्या, समोरच्या बाजूला बोट केलं आणि म्हणाला, “तीन. चौथा नाही.” आणि गेला. त्या समोरच्या बाजूला तीन बारीक ठिपके आहेत. एक कार्यक्रम रेकॉर्ड व्हायला लागला की एक ठिपका लाल होतो, दोन असले की दोन, आणि तिन्ही लाल झाले की खोलीत कुणीतरी मोठा माणूस येऊन बसल्यासारखं वाटतं.

पहिल्याच दुपारी मी कसोटी घेतली. एकावर भूमितीचा पाठ होता, दुसऱ्यावर गुलाबावर पडणारी कीड, तिसऱ्यावर पोहण्याच्या शर्यती. तिन्ही लावले, तिन्ही ठिपके पेटले, आणि मी खुर्ची ओढून समोर बसलो. आमच्याकडे गुलाब नाही, मला पोहता येत नाही आणि भूमितीने माझं शाळेत काय केलं हे तुम्ही ऐकून आहात. पण प्रश्न तो नाही. घरात एकाच वेळी तीन गोष्टी माझ्या सांगण्यावरून घडताहेत, असा प्रसंग लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता. त्याच दिवशी मी मोठ्या हौसेने बॉक्सची भाषा बदलून मराठी केली, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या सगळ्या सूचना आपल्या भाषेत येऊ लागल्या. (हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.)

आणि मग तुमचं ते पत्र आलं. ते मला आता पाठ आहे. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्या लहानशा चॅनेलवर तुमच्यावर आणि टॉवरच्या घड्याळावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे, ते लोक कुठलाही कार्यक्रम एकदाच दाखवतात, मागितला तर देत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही डोळ्यावर पट्टी बांधून पडलेले असणार, तर तो तेवढा आमच्या बॉक्समध्ये धरून ठेवावा. पुढचं वाक्य तुमच्याच शब्दांत लिहितो: “माझं तोंड कसं दिसतं याच्याशी मला कर्तव्य नाही. बाबांबद्दल मी एक वाक्य बोललो आहे, ते त्यांनी ठेवलं की काढलं, एवढंच मला बघायचं आहे.”

हे वाचल्यावर मी रिमोट हातात घेऊन उभाच राहिलो. सासऱ्यांनी तुमच्या आधी एकोणतीस वर्षं ते घड्याळ चालवलं आणि टॉवरच्या पाटीवर बांधणाऱ्याचं नाव आहे, उद्घाटन करणाऱ्याचं आहे, अगदी रंग देणाऱ्याचंसुद्धा आहे, पण किल्ली देणाऱ्याचं नाही, हे लग्न ठरल्याच्या दिवसापासून मी या घरात ऐकत आलो आहे. तेव्हा माझ्या एकेचाळीस वर्षांच्या धंद्याची शपथ घेऊन मी ठरवलं की बाकीचं जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल, दादांचा अर्धा तास जाऊ द्यायचा नाही.

पण गुरुवारी सातला हे जग इकडचं तिकडे व्हायला टपलेलंच होतं. बॉक्सची बातमी इमारतीत कशी पसरली कोण जाणे (मी फक्त जिन्यात सांगितलं होतं, जाता-येता, सगळ्यांना), पण वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आपलं दोन चष्म्यांचं पाकीट घेऊन खाली आले आणि म्हणाले की गुरुवारी सातला निळ्या देवमाशावर एक अपूर्व कार्यक्रम आहे आणि त्यांच्याकडे त्याच वेळी त्यांच्या सुनेचा टीव्हीवर ताबा असतो. मी लगेच होय म्हणालो. ते वर पोचायच्या आत खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. त्यांना बुद्धिबळाची अंतिम फेरी हवी होती, गुरुवारी, सातला, कारण त्या वेळी त्यांच्या खुर्चीत कुणीतरी तोंड उघडून बसलेलं असतं. त्यांनाही मी होय म्हणालो. मला त्या दिवसांत कुणाला नाही म्हणवतच नव्हतं, इतका माझा आनंद उतू जात होता. देवमासा एक, बुद्धिबळ दोन, दादा तीन. आणि मग मला आठवलं की हिची मालिका रोज सातलाच असते.

ती मालिका तुम्ही बघत नसणार, म्हणून सांगतो. त्यातल्या बाईच्या हातात एक बंद पाकीट आहे आणि ती ते उघडणार आहे. अकरा दिवस उघडणार आहे. बुधवारी तिने पाकिटाचा कोपरा फाडला होता, म्हणजे गुरुवारी काहीतरी होणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी चौथी म्हणून ती लावायला गेलो तर पडद्यावर शुद्ध मराठीत पाटी आली: “एका वेळी तीनच. कोणता कार्यक्रम वगळायचा?” आता सांगा काय करायचं. मी हेडमास्तर आणि डॉक्टर दोघांना बोलावून बैठक घेतली. हेडमास्तर म्हणाले की देवमासा वर्षातून एकदाच तसा दिसतो, डॉक्टर म्हणाले की अंतिम फेरी तर एकदाच असते, म्हणून तर तिला अंतिम म्हणतात. यावर हेडमास्तरांनी डॉक्टरांचं व्याकरण काढलं, डॉक्टरांनी हेडमास्तरांची कवळी काढली (म्हणजे तिचा विषय काढला, ती त्यांनीच बसवलेली आहे), आणि प्रकरण हातघाईवर येणार तोच दारातून आवाज आला, “माझी वगळा.”

दादा, अकरा दिवसांच्या पाकिटावर दोन शब्दांत पाणी सोडलं हो तिने. माझे डोळे भरून आले. चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली, साक्षीदार जे बोलेल ते खाली मान घालून लिहून घेतलं, स्वतः मात्र तीन शब्दांवर कधी बोलली नाही, पण बोलली की निकाल लागतो. मी आभार मानायला तोंड उघडलं तर ती आपली पेन्सिल कुठे गेली ते शोधायला निघूनही गेली होती.

गुरुवारी दुपारपासून मला घास गोड लागेना. तुम्ही दिलेल्या घड्याळात आणि बॉक्सच्या घड्याळात दोन मिनिटांचा फरक आहे हे वर लिहिलंच आहे. बॉक्स म्हणतो त्याची वेळ थेट आकाशातून येते. असेल. पण तुमचं घड्याळ तुमच्याकडून आलेलं आहे. मी तुमच्या बाजूने उभा राहिलो आणि कार्यक्रम तीन मिनिटं आधी सुरू आणि पाच मिनिटं उशिरा बंद असा लावला, म्हणजे कुणाच्याही घड्याळाने सात वाजले तरी तुम्ही आत. (त्यामुळे तुमच्या आधी तीन मिनिटं गळका नळ कसा बसवावा ते आलं. तेही चांगलं होतं म्हणे.) पावणेसातला हेडमास्तर आले, सहा पन्नासला डॉक्टर पांढऱ्या कोटातच आले, आणि आम्ही तिघे टीव्हीखाली उकिडवे बसून ठिपक्यांकडे टक लावून राहिलो. पहिला पेटला. दुसरा पेटला. तिसऱ्याने जरा वेळ घेतला, तेवढ्यात डॉक्टरांनी माझा दंड धरला, आणि तिसराही पेटला. तिन्ही लाल. हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली, दादा, नाहीतर आजवर पाठीशी त्यांचा संबंध वेगळा होता.

वर पडद्यावर त्या वेळी तुम्ही होतात. मला तुमचे हात दिसले, कसलंतरी चाक पुसत होतात. पण ही मागून म्हणाली, “सरका, दिसत नाही,” आणि आम्ही बाजूला झालो ते थेट जिन्यात गेलो, कारण डॉक्टरांना प्रश्न पडला होता की एकच तार आत जाते तर तीन कार्यक्रम कसे येतात. हा प्रश्न मला इतका आवडला की मी तो साडेसातपर्यंत समजावून सांगत होतो. आणि तसंही, रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर तेव्हाच बघायची गरज काय? आपला माल आत सुरक्षित आहे, हवा तेव्हा निवांत बघू, तेही तुमच्याबरोबर मांडीला मांडी लावून, असं मी ठरवलं. ही मात्र जुन्या वळणाची. मांडीवर वही घेऊन (वाणसामानाची यादी असावी, तिला रिकामं बसवत नाही) टीव्हीसमोर बसून राहिली. मी परत आलो तेव्हा बॉक्सच्या यादीत एकाखाली एक तीन नावं आली होती: ‘घड्याळाची माणसं’, ‘निळा देवमासा’, ‘बुद्धिबळ: अंतिम फेरी’. मी ती तीन नावं मोठ्याने वाचली. मग हेडमास्तरांना वाचायला लावली.

आता जरा वेगळा विषय, भाषेचा. दादा, आपल्या भाषेत ‘काढणे’ या क्रियापदाचा कुणीतरी एकदा सोक्षमोक्ष लावला पाहिजे. मी फोटो काढतो, तेव्हा आधी नसलेली वस्तू तयार होते. तुम्ही भिंतीवरचा डाग काढता, तेव्हा असलेली वस्तू नाहीशी होते. विहिरीतून पाणी काढलं तर ते मिळतं आणि पायातून काटा काढला तर तो जातो. आपण वेळ काढतो, दिवस काढतो, झोप काढतो, आठवण काढतो, रागावलेल्याची समजूत काढतो आणि जमलं नाही की पळ काढतो. खालचे डॉक्टर दात काढतात तेव्हा समोरचा रडतो, मी दात काढतो तेव्हा ही चिडते. म्हणजे निम्म्या वेळा काढलेली वस्तू हातात येते आणि निम्म्या वेळा हातची जाते, आणि कुठली वेळ कुठली हे आपण जन्मापासून अंदाजाने ओळखत आलो. माणसामाणसांत हे चालून जातं हो. पण यंत्राच्या तोंडी असा शब्द घालताना माणसाने दहादा विचार करू नये? मी स्टुडिओत एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला, “काढायचा?” आणि एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाने मान ताठ करून एकच उत्तर दिलं, “होय.” एवढंच मला म्हणायचं आहे. का म्हणायचं आहे ते विचारू नका.

असो. रविवारी तुम्ही येणार, ही सगळ्यात मोठी आनंदाची गोष्ट. जरूर या. टीव्ही बघितलाच पाहिजे असं काही नाही. गच्चीवर हवा छान असते, हेडमास्तर देवमाशाबद्दल सांगतील, डॉक्टर बुद्धिबळाबद्दल सांगतील, दिवस कसा गेला कळणार नाही. सासऱ्यांबद्दलच्या त्या वाक्याचं रविवारी समक्षच बोलू. घरात सगळे मजेत, तब्येती ठीक, बॉक्स उत्तम. तुमच्या डोळ्यांना आणि त्यांच्या मागच्या माणसाला माझा पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. पत्र संपवून घडी घातली होती, पण घडी पुन्हा उघडली. दादा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. तुमचा कार्यक्रम गेला.

चोरीला नाही, वादळाने नाही, माझ्या या अंगठ्याने गेला. शनिवारी सकाळी माझ्या मनात आलं की एवढी मौल्यवान वस्तू एकाच ठिकाणी ठेवणं धंद्याला धरून नाही. आम्ही फोटोवाले मूळ फिल्म जपतो आणि प्रत काढून देतो. म्हटलं दादांना हातात द्यायला एक प्रत काढावी. यादीत ‘घड्याळाची माणसं’ निवडलं, तर खाली छोटी पाटी होती: “काढा”. (क्षणभर सर्दीवरचं औषध आठवलं.) म्हटलं, वा, हे तर आपल्याच धंद्यातलं यंत्र. दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, “हा कार्यक्रम काढायचा? होय / नाही.” माझाच प्रश्न, दादा, माझाच शब्द, मलाच विचारलेला. मी खुर्चीत सरळ बसलो, मान ताठ केली आणि ‘होय’ दाबलं. बॉक्स म्हणाला, “काढला.” मला इतकं समाधान वाटलं की मी त्याला शाब्बास म्हणालो.

मग मी प्रत शोधायला लागलो. काढली म्हणजे कुठून तरी बाहेर यायला हवी. बॉक्सच्या पुढे फट नव्हती, म्हणून टॉर्च घेऊन मागे गेलो. मागे धूळ होती. बॉक्स उचलून खाली बघितलं, सतरंजीखाली बघितलं, वेळ लागत असेल म्हणून चहा पिऊन आलो आणि पुन्हा बघितलं. हिने विचारलं, काय शोधताय. मी म्हणालो, स्क्रू. शेवटी माहितीपुस्तक उघडलं, तेव्हा सव्विसाव्या पानावर छापलेलं सापडलं की काढा म्हणजे काढून टाका, आणि काढून टाकलेलं परत येत नाही. त्या चॅनेलच्या कचेरीत फोन केला, त्यांनी आमच्याकडे जुनं काही ठेवत नाहीत म्हणून सांगितलं. गुरुवारचं त्यांना जुनं वाटतं.

दादा, एकेचाळीस वर्षं मी लोकांचे चेहरे राखून ठेवण्याचा धंदा केला. अनोळखी माणसांची लग्नं, त्यांची बाळं, त्यांचे म्हातारे, सगळं माझ्या कपाटात आजही नीट क्रमांक घालून ठेवलेलं आहे. आणि घरच्या माणसाचा अर्धा तास मला दोन दिवस राखता आला नाही. मला फार वाईट वाटतं आहे. ते वाक्य होतं की नव्हतं हे हिला विचारावं, तर मी बघितलंच नाही हे कळणार, आणि आता बघताही येत नाही हे लगेच त्यामागून कळणार. म्हणून एक विनंती आहे, आणि खरं सांगायचं तर हे सगळं पत्र त्या विनंतीसाठीच आहे. रविवारी आल्याबरोबर, उंबऱ्यातच, हिच्या देखत म्हणा की डॉक्टरांनी टीव्ही आणखी दोन महिने बंद केला आहे. दोन महिन्यांत मी काहीतरी मार्ग काढीन. (बघा, पुन्हा तेच.) तुम्हाला कबूल असेल तर आत येताना डाव्या हाताने टोपी काढा, मी समजेन.

ता. क. २. हे पत्र वाचून लगेच फाडून टाका. देवमासा आणि बुद्धिबळ शाबूत आहेत, हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटते, पण आहेत. हेडमास्तर रोज येऊन बघतात. पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे, फक्त डिंकाची बाटली हिच्या कपाटात आहे, ती तेवढी मागून आणतो.

ता. क. ३. दादा, अक्षर बदललं आहे, ओळखशीलच. हे डिंक मागायला आले, पत्र ओट्यावर ठेवलं आणि डिंक घेऊन गेले. आता बाहेर रिकामं पाकीट चिकटवताहेत.

मला शनिवारी टॉर्च बघितला तेव्हाच कळलं होतं. तीन दिवस यांचा चेहरा इतका पडलाय की मला बोलवेना.

मालिका वगळायला सांगितली ती यांच्यासाठी नाही. तुझा कार्यक्रम मला स्वतः बघायचा होता. यंत्र टिपतंय म्हणून आपण टिपायचं नाही, अशी सवय मला कोर्टाने लावलेली नाही. वहीत वाणसामानाची यादी नव्हती. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं लघुलेखनात घेतलं आहे. बावीस पानं झाली. नळाचं घेतलं नाही. जिन्यातून यांचा आवाज सारखा येत होता, तो कंसात नोंदवला आहे.

रविवारी ये. डॉक्टरांचं काही सांगू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही. टोपीही उजव्या हाताने काढ, म्हणजे यांचा जीव थोडा टांगणीला राहील, तेवढी शिक्षा पुरे. मी वाचून दाखवीन. तुला ऐकू येणार नाही म्हणून टाइप करून एक प्रतही काढली आहे. ती कागदावर आहे.

बाबांचं चौदाव्या पानावर आहे. त्या मुलाखतवालीने विचारलं, इतकी वर्षं घड्याळ एकट्याने कसं सांभाळलंत. तू म्हणालास, “किल्ली छत्तीस वर्षं मी दिली, पण वेळ लावून ठेवली होती ती माझ्या वडिलांनी.” त्यानंतर तू थोडा वेळ काही बोलला नाहीस. तेवढी जागा मी पानावर कोरी सोडली आहे.

त्यांनी ते काढलेलं नाही.